रिपोर्टमधला ‘एच’ आणि जंतूची फिरती शेपूट

ऑगस्टमधली संध्याकाळ, बाहेर धो धो पाऊस. आमच्या परळच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या. हातात रिपोर्ट, तोही भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. नोकरीसाठी त्यांच्याकडे राहणाऱ्या भाच्याला चार दिवस ताप होता, सकाळी नाक्यावरच्या लॅबमध्ये रक्त देऊन आला होता.

“अगं, तू कॉलेजात जंतूच शिकवतेस ना? मग हे वाचून सांग. ह्याचा म्हणे एच वाढलाय.”

कागदावर चार ओळी. एस. टायफी ‘ओ’ १:४०. एस. टायफी ‘एच’ १:१६०. खाली पॅराटायफीचे ‘एएच’ आणि ‘बीएच’, दोन्ही १:२० च्या आत. विडाल टेस्टचा, म्हणजे टायफॉइडच्या तपासणीचा, हा कागद पावसाळ्यात मुंबईत घरोघरी येतो. लोक तो उजेडात धरून बघतात, आकडा मोठा दिसला की घाबरतात आणि केमिस्टकडे जातात. ‘एच’ म्हणजे काय हे मात्र कुणी विचारत नाही. काकूंनी विचारलं.

“काकू, बसा आधी. ‘एच’ म्हणजे जंतूची शेपूट.”

“जंतूला शेपूट असते?”

असते. आणि ती हलत नाही, गरगर फिरते.

काचेवरची वाफ

पावसात बेस्टच्या बसमध्ये खिडकीशी बसलात की काचेवर आपल्या श्वासाची वाफ धरते, पोरं त्यावर बोटाने नावं लिहितात. ‘एच’ हे अक्षर त्या वाफेतून आलं आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास वाइल आणि फेलिक्स हे दोन शास्त्रज्ञ प्रोटियस नावाचे जंतू बशीत वाढवत होते. हे जंतू एका जागी राहत नाहीत, बशीभर पसरत जातात, आणि काचेवर फुंकर मारल्यासारखा पातळ थर दिसतो. फुंकरीला जर्मनमध्ये ‘हाउख’ म्हणतात, त्याचं पहिलं अक्षर ‘एच’. न पसरणारे जंतू ते ‘ओहने हाउख’, म्हणजे फुंकरीशिवायचे, म्हणून ‘ओ’. पसरणाऱ्यांना शेपटी होती, न पसरणाऱ्यांना नव्हती. पुढे ही अक्षरं टायफॉइडच्या जंतूलाही चिकटली. टायफॉइडचा जंतू बशीत तसा पसरत नाही, पण नाव पडलं ते पडलं.

तर ‘ओ’ म्हणजे जंतूच्या अंगावरच्या सालीविरुद्ध आपल्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं, म्हणजे अँटीबॉडीज, आणि ‘एच’ म्हणजे शेपटीविरुद्धची. १:१६० चा अर्थ असा, की रक्तातलं पिवळसर पाणी १६० पट पातळ केलं तरी त्यात मेलेल्या जंतूंचे गोळे होतात. ‘ओ’ चा गोळा दाणेदार, रव्यासारखा. ‘एच’ चा पिंजलेल्या कापसासारखा, सैल, कारण जंतू अंगाने नाही तर लांबलांब शेपट्यांनी एकमेकांत गुंततात. जॉर्ज विडाल यांनी ही चाचणी १८९६ मध्ये मांडली. त्याच वर्षी मुंबईत मांडवीला प्लेग सुरू झाला. प्लेगच्या जंतूकडे पुढे यायचंच आहे.

दिसत नाही, पण आहे

मराठी पाठ्यपुस्तकात ह्या शेपटीला ‘कशाभिका’ म्हणतात. कशा म्हणजे चाबूक. लॅटिन ‘फ्लॅजेलम’चाही अर्थ तोच. नाव ठेवणाऱ्यांना वाटलं, चाबकासारखी सपासप हलत असेल. नाव चुकलं, पण आता बदलणार कोण? मी ह्या लेखात शेपूटच म्हणेन.

टायफॉइडचा जंतू साधारण दोन ते तीन मायक्रॉन लांब असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शेपूट त्याच्या अंगाच्या दुप्पट-तिप्पट लांब, पण जाडी फक्त २० नॅनोमीटर, म्हणजे मायक्रॉनचा पन्नासावा भाग. आपला केस तिच्यापेक्षा काही हजार पट जाड भरेल. कॉलेजच्या साध्या मायक्रोस्कोपमध्ये एवढी बारीक वस्तू दिसत नाही, म्हणून टॅनिक अ‍ॅसिडचा लेप देऊन ती फुगवावी लागते आणि मग रंगवावी लागते. दहातल्या आठ स्लाइड फसतात. सोळा वर्षांच्या मुलाच्या मिशीइतकं काहीतरी दिसलं तरी आम्ही पूर्ण मार्क देतो.

शेपूट दिसली नाही तरी पोहणं मात्र छान दिसतं. खळगा असलेली काच घ्यायची, छोट्या चौकोनी काचेच्या चार कोपऱ्यांना व्हॅसलीन लावायचं, मधे जंतू वाढलेल्या पाण्याचा थेंब, आणि ती काच खळग्यावर उलटी ठेवायची. थेंब लोंबकळतो. नजर थेंबाच्या कडेवर लावायची. पहिल्यांदा सगळंच थरथरताना दिसतं आणि पोरं ओरडतात, “मॅडम, जिवंत आहेत!” ती थरथर म्हणजे जिवंतपणा नाही. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी धक्के देतात म्हणून मेलेले जंतूच काय, धुळीचे कणही तसेच थरथरतात. सकाळी आठ अठ्ठावन्नच्या गर्दीत दादरच्या पुलावर उभं राहून बघा, आपण पाय न उचलताही हलत असतो. खरं पोहणं वेगळं दिसतं. एखादा जंतू त्या थरथरणाऱ्या घोळक्यातून सरळ रेषेत सुसाट जातो, क्षणभर अडखळतो, गिरकी घेतो आणि भलत्याच दिशेला निघतो. ती सुसाट धाव आणि ती गिरकी, दोन्ही लक्षात ठेवा.

काकवीत शिंपले का पोहू शकणार नाहीत

चाबूक मारून का चालत नाही? कॅरम आठवा. बोरिक पावडर टाकली की स्ट्रायकर सर्रकन जातो, पावडर संपली की अर्ध्यावर रुततो. आता बोर्डावर काकवी ओतली असं समजा. बोटाने ढकलाल तेवढीच सोंगटी हलेल, बोट उचललं की तिथेच थांबेल. जंतूसाठी पाणी असं असतं. पाणी तेच, पण जंतू इतका लहान की त्याला स्वतःचं वजन कामाला येत नाही, चिकटपणाच सगळं ठरवतो. एडवर्ड पर्सेल या नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने १९७६ मधल्या एका व्याख्यानात हिशेब मांडला होता: पोहणाऱ्या जंतूची मोटर अचानक बंद केली तर तो पुढे किती घसरेल? एका अणूच्या रुंदीपेक्षाही कमी.

अशा जगात पुढे-मागे हलवून काही उपयोग नाही. बाजारातल्या तिसऱ्या, म्हणजे छोटे शिंपले, घ्या. झडप हळू उघडायची आणि फाटकन मिटायची, अशा पद्धतीने शिंपले समुद्रात सरकू शकतात. काकवीत नाही. उघडताना जेवढं मागे गेलं तेवढंच मिटताना पुढे, हळू करा की जोरात, हिशेब शून्य. पर्सेलनी ह्याला शिंपल्याचं प्रमेयच म्हटलं. मग काय चालतं? मळसूत्र. स्क्रू लाकडात फिरवत राहिलात तर तो पुढेच जातो, कारण फिरणं ‘परत’ येतच नाही. जंतूची शेपूट सरळ दोरा नाही, ताठ मळसूत्र आहे, आणि ती मुळापासून फिरवली जाते.

हे सिद्ध व्हायला १९७३ साल उजाडलं. हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी तोवरच्या निरीक्षणांवरून दाखवलं की शेपूट लाटेसारखी हलत नसून फिरत असली पाहिजे. पुढच्याच वर्षी सिल्व्हरमन आणि सायमन यांनी डोळ्यांना दिसेल असा पुरावा दिला. त्यांनी शेपटीविरुद्धची प्रतिद्रव्यं वापरून जंतूची शेपूट काचेला चिकटवून टाकली. शेपूट घट्ट धरल्यावर जंतू स्वतःच गरगरायला लागला, पंख्याचं पातं धरलं तर मोटर फिरावी तसा. काकूंना मी हे सांगताना रिपोर्टवर बोट ठेवलं. शेपूट काचेला चिकटवणारा तो डिंक आणि भाच्याच्या रक्तातला ‘एच’, दोन्ही एकाच जातीचे.

मिक्सर उघडून बघू

घरचा मिक्सर हा ह्या यंत्राचा सगळ्यात जवळचा भाऊ. खाली मोटर, वर रबरी कपलिंग, त्यावर भांड्यातलं पातं. भांड्याच्या तळाला बुश असतं, दांडा त्यातून फिरतो आणि चटणी खाली गळत नाही. जंतूतही असंच. आतल्या पडद्यात बसवलेली मोटर. बाहेरच्या भिंतींतून जाणाऱ्या दांड्याला बुशसारखी दोन कडी. मग एक छोटा वाकडा आकडा, कपलिंगसारखा, जो वाकतोही आणि फिरणंही पुढे पोचवतो. आणि शेवटी लांब शेपूट. ती फ्लॅजेलिन नावाच्या एकाच प्रथिनाच्या वीसेक हजार विटा रचून झालेली असते, आतून पोकळ. आपल्या शरीराची पहारेकरी व्यवस्थाही नेमकी ह्या विटेवर डोळा ठेवून असते.

वेगही मिक्सरचाच. ओझं नसेल तर ई. कोलाय ह्या टायफॉइडच्या चुलतभावाची मोटर मिनिटाला १८ हजार फेऱ्यांच्या घरात जाते, पोहताना अर्थात कमी. मोटरीचा व्यास मात्र ४५ नॅनोमीटर.

एका बाबतीत मिक्सर मागे पडतो. ही मोटर काही हजारांश सेकंदांत उलटी फिरू शकते. ते कसं जमतं हे २०२० नंतर मोटरीच्या भागांची बारीक चित्रं मिळाली तेव्हा उलगडलं. मधल्या मोठ्या चाकाभोवती अकरापर्यंत छोटे ढकलणारे भाग बसतात, त्यांना स्टेटर म्हणतात. हे स्टेटर स्वतःच छोट्या चाकांसारखे, एकाच दिशेने फिरतात. आता स्वयंपाकघरात जा. परात जमिनीवर ठेवा, बाहेरच्या काठाला वाटी टेकवून फिरवा. परात वाटीच्या उलट दिशेने फिरेल. तीच वाटी परातीच्या आतल्या काठाला टेकवून फिरवा. आता परात वाटीच्याच दिशेने जाईल. जंतूचं मोठं चाक आपला आकार बदलतं आणि छोटी चाकं कधी त्याच्या बाहेरच्या काठाला, कधी आतल्या काठाला लागतात. छोटी चाकं उलटी फिरवायची गरजच नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खरोखर वाटी-परात घेऊन बसले होते.

आणखी एक गंमत. ओझं वाढलं की आणखी स्टेटर येऊन जोडले जातात. कर्जतला घाट चढण्यासाठी गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात आणि लोणावळ्याला सुटतात, अगदी तसंच.

वीज कुठून येते?

“मग त्याला बॅटरी?” काकूंचा प्रश्न रास्त होता.

लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी घाट उतरून खोपोलीला येतं आणि टर्बाइन फिरवतं. १९१५ पासून ह्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. जंतूची युक्ती हीच. अन्न जाळून तो प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धन भार असलेले कण, पडद्याबाहेर ढकलत राहतो. बाहेर गर्दी, आत मोकळं. कण आत यायला धडपडतात, आणि येण्याची एक वाट स्टेटरमधून जाते. येताना ते चाकाला ढकलतात. मोठ्या चाकाच्या एका फेरीला हजाराच्या आसपास प्रोटॉन लागतात. कॉलऱ्याचा जंतू खाऱ्या पाण्यात राहणारा, तो प्रोटॉनऐवजी मिठातल्या सोडियमवर मोटर चालवतो. समुद्रातला त्याचा एक भाऊबंद तर मिनिटाला लाखभर फेऱ्या मारतो.

पुरुषबीजाची शेपूट ही वेगळी गोष्ट, बरं का. तिची लाट होते, ती खरंच चाबकासारखी हलते आणि आतल्या प्रथिनांच्या घसरण्याने चालते. दोघींना एकच नाव पडल्याने परीक्षेत मुलांचे मार्क जातात.

स्टिअरिंग नाही, तरी पोचतो

टायफॉइडच्या जंतूला एकच शेपूट नसते. अंगभर विखुरलेल्या अनेक असतात. सगळ्या मोटरी एका दिशेने, बाहेरून बघताना घड्याळाच्या उलट, फिरल्या की शेपट्यांची मिळून एक वेणी होते आणि जंतू सरळ धावतो, सेकंदाला स्वतःच्या दहापट लांबी. एखादी मोटर उलटली की वेणी सुटते, जंतू जागच्या जागी गिरकी घेतो आणि पुन्हा वेणी झाली की जिकडे तोंड असेल तिकडे निघतो. धाव सुमारे सेकंदभराची, गिरकी सेकंदाच्या दहाव्या भागाची. मघाशी थेंबात दिसलं ते हेच.

म्हणजे तो वळू शकत नाही? नाही. गिरकीनंतर दिशा कुठली येईल हे त्याच्या हातात नसतं. त्याच्या हातात एकच गोष्ट: गिरकी कधी घ्यायची.

डोळे बांधून तुम्हाला शिवाजी पार्कच्या मैदानात सोडलंय आणि कुठेतरी वडे तळतायत. दहा पावलं चाला. वास वाढला? मग चालत राहा. कमी झाला? जागेवर गिरक्या घ्या आणि कुठल्याही दिशेला निघा. वेळ लागेल, पण गाडीपर्यंत पोचाल. जंतू असाच जातो. त्याच्या अंगाची लांबी इतकी कमी की डोक्याशी आणि शेपटीशी चवीत फरक तो काय कळणार. म्हणून तो ‘आत्ता’ची चव काही सेकंदांपूर्वीच्या चवीशी ताडून बघतो. चव सुधारतेय असं वाटलं की गिरकी पुढे ढकलतो. एका पेशीला, जिला मेंदू नाही, तीन-चार सेकंदांची आठवण असते. ती आठवण प्रथिनांवर चिकटवलेल्या छोट्या रासायनिक खुणांत असते.

फिरती दांडी वाढते कशी?

शेपटीत नस नाही, रक्तवाहिनी नाही. मुळापासून वाढली असती तर फिरणारा दांडा मोडून जोडावा लागला असता. म्हणून ती टोकाला वाढते. प्रथिनाची प्रत्येक वीट उलगडून, दोऱ्यासारखी करून, मुळाशी असलेल्या पंपाने पोकळीत ढकलली जाते. पोकळी दोनच नॅनोमीटर रुंद. दोरा टोकापर्यंत जातो, तिथे एक टोपी असते, तिच्याखाली त्याची पुन्हा घडी होते आणि वीट जागेवर बसते. शेपूट तुटली तरी वाढत राहते.

“इतकं यंत्र आपोआप कसं जमेल?”

हा प्रश्न काकूंनी नाही, त्यांच्या तापातल्या भाच्याने फोनवरून विचारला. अमेरिकेत ह्यावर कोर्टातही वाद झाला. १९९६ मध्ये मायकेल बीही या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाने म्हटलं की ह्यातला एक भाग काढला तरी यंत्र बंद पडेल, म्हणून ते टप्प्याटप्प्याने घडूच शकत नाही. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या शाळेत उत्क्रांतीला पर्याय शिकवण्यावरून झालेल्या खटल्यात हा युक्तिवाद मांडला गेला आणि न्यायाधीशांना तो पटला नाही.

माझं उत्तर असं. इमारतीला बाहेरून बांधलेली परांची आठवा. स्लॅब भरून झाला, परांची उतरली. नंतर बघणाऱ्याला वाटतं, चौथा मजला हवेत कसा बांधला? शिवाय सुटे भाग दुसरीकडे सापडतात. विटा बाहेर ढकलणारा तो पंप टायफॉइडच्या जंतूत आणखी एका यंत्राला आहे. ते सुईसारखं यंत्र आपल्या पेशींत विष टोचतं. स्टेटरचे नातेवाईक जंतूच्या भिंतीत वेगळीच कामं करतात. सुई आधी की शेपूट आधी? आज बहुतेक पुरावे सांगतात की सुई शेपटीपासून निघाली, उलट नाही. म्हणजे ‘सुईपासून शेपूट’ हे सोपं उत्तर चालणार नाही. पण एकच पंप दोन धंद्यांत वापरता येतो, एवढं ह्यावरून नक्की दिसतं.

शेपूट टाकलेला आणि शेपूट गिळलेला

१८९६ च्या प्लेगचा जंतू पोहत नाही. त्याच्या जवळच्या नातलगाला शेपटी येते, ह्याच्याकडे ती बनवण्याच्या सूचना मोडक्या अवस्थेत पडून आहेत. उंदीर आणि पिसवा नेऊन सोडत असतील तर पोहायचं कशाला? सुई मात्र त्याने जपली आहे. आमच्या इमारतीपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर हाफकिन संस्था आहे. तिला ज्यांचं नाव आहे त्या हाफकिननी प्लेगची लस मुंबईतच तयार केली आणि १८९७ मध्ये पहिली सुई स्वतःला टोचून घेतली.

दुसरा जंतू लेप्टोस्पायराचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मुंबईकरांनी हे नाव तोंडपाठ केलं. उंदरांच्या लघवीतून तो साचलेल्या पाण्यात येतो आणि पायाच्या जखमेतून शिरतो. ह्याच्या दोन शेपट्या बाहेर दिसतच नाहीत. दोन्ही टोकांना एकेक, पण भिंतीच्या आत, कातडीखाली गुंडाळलेली. त्या आत फिरतात आणि अख्खं अंग बूच काढायच्या स्क्रूसारखं फिरतं. त्यामुळे दाट, बुळबुळीत द्रवात बाकीचे जंतू मंदावतात तेव्हा हा उलट वेग धरतो. चिखल त्याला आवडतो. गुडघाभर पाण्यातून चालून आल्यावर पालिका डॉक्टरांना विचारून गोळी घ्या म्हणते ती ह्याच्यासाठी.

मग एच १:१६० म्हणजे टायफॉइड ना?

नाही, तेवढ्यावरून नाही. ‘ओ’ ची प्रतिद्रव्यं लवकर येतात, लवकर ओसरतात. शेपटीची, म्हणजे ‘एच’ ची, शरीर खूप काळ सांभाळून ठेवतं. पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल किंवा त्याच्या जातभाईशी गाठ पडली असेल तरी ‘एच’ वर दिसू शकतो, आणि टायफॉइडच नसलेल्या तापातही. एका वेळच्या विडालवर भरवसा ठेवायचा नसतो. सात-दहा दिवसांनी पुन्हा करून आकडा चौपट झाला तर त्याला काही अर्थ. खरी तपासणी म्हणजे रक्ताचं कल्चर, जंतूच वाढवून बघायचे, आणि तेही अँटीबायोटिक सुरू करण्याआधी.

“ह्याला आधी कधी झाला होता?”

काकू आठवू लागल्या. दोन वर्षांपूर्वी, गणपतीत. आरतीलाही उठला नव्हता.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी कल्चर पाठवलं आणि डेंग्यूची एनएस-वन चाचणीही लिहून दिली. संध्याकाळी काकू पुन्हा दारात. डेंग्यू निघाला होता.

“म्हणजे दोन वर्षांपूर्वीचं बिल आत्ता आलं म्हण की,” त्या म्हणाल्या, आणि पपईची पानं कुठे मिळतील ते विचारायला लागल्या.